टॉवेलवरची सही

अमेरिकेचं सरकार कसं चालतं हे भवानी पेठेतल्या माणसानं कशाला शिकायचं? गेल्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. काहींनी कुतूहलानं, काहींनी टोमणा म्हणून. आपल्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि हे निघाले वॉशिंग्टन शिकवायला, असा एकूण सूर. प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

उत्तर टॉवेलात आहे. आपल्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणला जाणारा टेरी टॉवेल अमेरिकेच्या बंदरावर उतरला की त्यावर पूर्वापार साधारण नऊ टक्के आयात शुल्क होतं. ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर त्याशिवाय आणखी २५ टक्के लागले. ६ ऑगस्टला अध्यक्ष ट्रम्प यांनी दुसऱ्या आदेशावर सही केली, कारण दिलं रशियाच्या तेलाचं, आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५. म्हणजे नऊ अधिक पन्नास. त्याच वेळी पाकिस्तानच्या टॉवेलावर हा जादा कर १९, बांगलादेश आणि व्हिएतनामच्या मालावर २०, तुर्कस्तानवर १५. टॉवेल तोच, सूत साधारण तसंच. फरक पडला तो एका सहीनं.

आता ही सही कोण करू शकतो, ती कोण पुसू शकतो, आणि पुसायला किती दिवस लागतात, हे मागावर उभ्या असलेल्या माणसाला कळायला नको का? त्याचा आठवड्याचा पगार त्यावर ठरतो. आमच्या ओळखीच्या एका घरी वडिलार्जित बारा माग आहेत. सप्टेंबरात त्या मुलानं भंगारवाल्याला बोलावून किलोचा भाव विचारला होता. हा कर कायमचा आहे की चार महिन्यांचा, हे कळल्याशिवाय तो निर्णय घेणार कसा? व्हॉट्सअॅपवर त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एकात ट्रम्पला शिव्या होत्या, दुसऱ्यात मोदींना. दोन्ही वाचून झाल्यावरही माग ठेवायचे की विकायचे हा प्रश्न जागच्या जागी.

रविवारी दुपारी आम्ही दहा-बारा जण बसतो. मागवाले, कांड्या भरणाऱ्या दोन बायका, एक रिक्षावाले चाचा, एक जण टॉवेलाच्या गठ्ठ्यांचं पॅकिंग करणारा. शाळा बहुतेकांची सातवी-आठवीत सुटलेली. तिथं पहिला प्रश्न आला तो असा: "ये ट्रम्प अपने पीछे कायको लगा?" या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे. देश म्हणजे एक माणूस, तो रागावला की शिक्षा, खूष झाला की माफी. आपल्याकडे दिल्लीकडे आणि मुंबईकडेही लोक असंच पाहतात, आणि आपल्या समाजात तर जास्तच: हा नेता आपला की आपल्या विरोधातला, बस. तेवढ्यावर सगळं राजकारण वाचायचं. या सवयीनं आपलं फार नुकसान केलं आहे, असं माझं मत आहे. माणूस आपला की परका हे ठरवण्यात इतकी शक्ती जाते की त्याच्या हातात नेमका अधिकार कोणता, हे विचारायचं राहूनच जातं.

आधी कर भरतो कोण, ते पाहू. जकात हा शब्द आमच्या घरात दोन अर्थांनी येतो. एक रमजानमध्ये काढायची, दुसरी पूर्वी नाक्यावर ट्रक अडवून घ्यायचे ती. पहिली देणारा मनानं देतो, दुसरी देणारा ती गिऱ्हाइकाच्या बिलात घालतो. आयात शुल्क या दुसऱ्या जातीचं. ते सोलापूरचा कारखानदार भरत नाही. अमेरिकेत माल उतरवून घेणारा व्यापारी तिथल्या सरकारी तिजोरीत भरतो. मग तो आपल्याकडच्या निर्यातदाराला फोन करतो, की भाव कमी करा, नाहीतर ऑर्डर कराचीला जाते. निर्यातदार कारखानदाराला सांगतो, कारखानदार मजुरी धरून ठेवतो. आमच्या गटातल्या एकाच्या मालकानं ट्रम्पचं नाव सांगून पीसचा दर कमी केला. मी विचारलं, तुमचा माल जातो कुठं? हैदराबादला आणि इथल्याच लग्नसराईत आहेराला. अमेरिकेला एक नॅपकिनसुद्धा जात नाही! एवढं एक विचारता येणं, माझ्या मते, नागरिकशास्त्राच्या अख्ख्या पुस्तकापेक्षा मोठं शिक्षण आहे. (दर अजून पूर्ववत झालेला नाही. पण त्या मालकाला आता कारण बदलावं लागलं आहे.)

नावांचा गोंधळ लगेच निस्तरावा लागतो. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे पंजा नव्हे. काँग्रेस हे त्यांच्या संसदेचं नाव. आणि रिपब्लिकन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळा झेंडा येतो, बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ मध्ये स्थापन झालेला पक्ष. तिकडचे रिपब्लिकन ते नव्हेत. तिथं त्यांचा रंग लाल, आणि निळा रंग त्यांच्या विरोधकांचा, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा. रिपब्लिकनांचं चित्र हत्तीचं, डेमोक्रॅटांचं गाढवाचं. चाचांना हत्ती म्हणजे मायावती एवढंच माहीत होतं. गाढवाचं चिन्ह घेऊन कुणी निवडणुकीला उभं राहतं, यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. मतपत्रिकेवर ही चित्रं आपल्यासारखी ठोकायला नसतात, हे सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

त्यांच्या काँग्रेसची दोन सभागृहं. खालच्यात ४३५ सदस्य, दर दोन वर्षांनी सगळेच्या सगळे पुन्हा मतदारांपुढे. वरचं सिनेट, १०० सदस्य, मुदत सहा वर्षं, प्रत्येक राज्याचे दोन. राज्य केवढंही असो. वायोमिंग नावाच्या राज्याची लोकसंख्या २०२० च्या मोजणीत सहा लाखांच्या आत भरली. २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर शहरात साडेनऊ लाख माणसं होती. म्हणजे सोलापूरपेक्षा लहान राज्याला सिनेटमध्ये दोन मतं, आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. मला हे अन्यायाचं वाटतं. पण राज्यघटना लिहिताना लहान राज्यांनी ही अट घातली नसती तर ती सगळी एकत्र आलीच नसती, हेही खरं.

आपल्याला सर्वांत अनोळखी भाग पुढचा आहे. आपला पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावर उभा असतो, बहुमत गेलं की खुर्ची गेली. अमेरिकेचा अध्यक्ष काँग्रेसमधून येत नाही. चार वर्षांसाठी तो वेगळा निवडला जातो, तोही थेट मतांच्या बेरजेवर नव्हे तर राज्यवार ५३८ निर्वाचकांच्या हिशेबावर. २७० मिळाले की झाला. त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात, असूच शकत नाहीत. अविश्वास ठराव नाही. तेव्हा अध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्या पक्षाची, असं पुष्कळदा होतं आणि तरी दोघं आपापल्या जागी बसून राहतात. सध्या मात्र दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं बहुमत आहे.

आता कराकडे येऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात स्पष्ट आहे की आयात कर लावण्याचा अधिकार काँग्रेसचा. अध्यक्षाचा नव्हे. मग सही अध्यक्षाची कशी? कारण काँग्रेसनं हा अधिकार हप्त्याहप्त्यानं स्वतःच हातचा घालवला. १९३० च्या जूनमध्ये, म्हणजे आपल्या सोलापुरात मार्शल लॉ चालू होता त्याच दिवसांत, काँग्रेसनं शेकडो वस्तूंवर कर वाढवणारा स्मूट-हॉले कायदा केला. प्रत्येक सदस्यानं आपल्या भागातल्या धंद्यासाठी एकेक कर घुसवला होता. बाकीच्या देशांनी उलट कर लावले, जगाचा व्यापार आधीच कोसळत होता तो आणखी खाली गेला. त्या अनुभवानं पोळलेल्या काँग्रेसनं १९३४ मध्ये ठरवलं की कराच्या वाटाघाटी अध्यक्षानंच कराव्यात, आमच्या हातून नको. तिथून पुढे कायद्यामागून कायदे झाले आणि प्रत्येकात अध्यक्षाच्या खिशात एकेक किल्ली गेली.

ट्रम्प यांनी वापरलेली किल्ली १९७७ च्या कायद्याची, आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांची. आणीबाणी म्हटल्यावर गटातल्या साठीच्या पुढच्या लोकांना नसबंदीचे दिवस आठवले, आणि १९७७ म्हटल्यावर ती उठली ते वर्ष. तिकडची आणीबाणी तशी नसते. अध्यक्ष एका विषयापुरती ती जाहीर करतो, अशा कितीतरी आणीबाण्या एकाच वेळी चालू असतात आणि रस्त्यावरच्या माणसाला पत्ताही नसतो. गंमत म्हणजे हा कायदा अध्यक्षांच्या मोकाट अधिकारांना लगाम घालायला केला होता. त्यात आयातीचं नियमन करता येईल असं म्हटलं आहे. कर हा शब्द नाही. सगळं भांडण या एका न लिहिलेल्या शब्दावर होतं.

भांडायला गेलं कोण? विरोधी पक्ष नव्हे. न्यूयॉर्कचा एक छोटा वाइन आयात करणारा व्यापारी आणि त्याच्यासारखे काही, मुलांची शैक्षणिक खेळणी विकणारी इलिनॉयमधली एक कंपनी, आणि डझनभर राज्य सरकारं. मी गटात म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्यावर वाइनवाल्यासाठी दुआ मागायची वेळ आली आहे. सगळे हसले, कांडीवाल्या खाला मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, एक दुकानदार राष्ट्रपतीवर केस करतो आणि त्याच्या दुकानावर बुलडोझर येत नाही का?

या प्रश्नाला माझ्याकडे लहान उत्तर नव्हतं.

२८ मे २०२५ ला व्यापार न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी निकाल दिला की या कायद्याखाली असे कर लावता येत नाहीत. त्यातला एक न्यायाधीश रेगन यांनी नेमलेला, एक ओबामांनी, एक खुद्द ट्रम्प यांनी. अपील झालं. आपल्यावर ५० टक्के लागू झाल्यानंतर दोनच दिवसांनी, २९ ऑगस्टला, अपील न्यायालयानंही सात विरुद्ध चार मतांनी तेच म्हटलं, पण सर्वोच्च न्यायालयात जायला वेळ मिळावा म्हणून कर चालू ठेवले. ५ नोव्हेंबरला तिथं युक्तिवाद झाला. नऊ न्यायाधीश, नेमणूक तहहयात, त्यातले सहा रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले. नोव्हेंबर २०२५ च्या मध्यावर निकाल यायचा होता.

पक्षांबद्दल आपली समजूत सर्वांत जास्त चुकते. आपल्याकडे पक्ष म्हणजे तिकीट. ते वरून येतं, मुंबईहून किंवा दिल्लीहून, कधी अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारी. अमेरिकेत उमेदवार कोण हे पक्षाचे सामान्य मतदारच आधी मतदान करून ठरवतात. या पहिल्या फेरीला प्रायमरी म्हणतात. उदाहरण आपल्याच सीमाभागातलं घ्या. श्री ठाणेदार, चिकोडीचा जन्म, बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले. २०१८ मध्ये त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढवली. ग्रेचेन व्हिटमर पहिल्या, अब्दुल अल-सईद नावाचे डॉक्टर दुसरे, ठाणेदार तिसरे. हरले, पण घरी बसले नाहीत, की दुसऱ्या पक्षात गेले नाहीत. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून आले, आणि २०२२ मध्ये नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत पहिले येऊन डेट्रॉइटकडच्या मतदारसंघातून थेट वॉशिंग्टनला. कुणी तिकीट कापलं नाही, कारण कापायला कुणाच्या हातात ते नसतंच. याची वाईट बाजूही आहे. प्रायमरी लढवायला पैसा लागतो, आणि ठाणेदारांनी स्वतःचा भरपूर ओतला. गरिबाला ही वाट मोकळी आहे असं म्हणणं खोटं ठरेल.

४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कला जोहरान ममदानी महापौर म्हणून निवडून आले, तेव्हा आमच्या पेठेत मोबाइलवर मुबारकबादीचा पाऊस पडला. भारतीय आईबापांचा मुलगा, मुसलमान, वय चौतीस. मलाही आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं, आता टॉवेलवरचा कर उतरेल ना? नाही उतरणार. महापौराचा आयात कराशी काडीचा संबंध नाही. ममदानी पुढे अध्यक्षही होऊ शकणार नाहीत, कारण जन्म युगांडाचा, आणि नागरिकत्व त्यांना २०१८ मध्ये मिळालं. अध्यक्ष जन्मतः नागरिक असावा लागतो. त्यांच्या विजयातली शिकण्यासारखी गोष्ट जूनमधली आहे. पक्षातल्या बड्या मंडळींचा पाठिंबा असलेल्या माजी गव्हर्नर कुओमो यांना त्यांनी प्रायमरीत हरवलं. पक्षाच्या वरच्या मजल्याला नको असलेला उमेदवार खालच्या मतदारांनी बसवला. आपल्याकडे कोणत्या पक्षात हे घडू शकतं, नाव सांगा.

दुसरा फरक महाराष्ट्राला फार जवळचा. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षाचा व्हिप मोडला तर सदस्यत्व जातं, म्हणून २०२२ च्या जूनमध्ये मोडायचं झालं तेव्हा चाळीसेक आमदार एकगठ्ठा सुरत-गुवाहाटीला न्यावे लागले. अमेरिकेत असा कायदा नाही. सदस्य स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर येऊन बसतो. ऑक्टोबरच्या अखेरीस सिनेटनं ट्रम्प यांच्या आणीबाणीच्या करांविरुद्ध ठराव मंजूर केले, ते चार-पाच रिपब्लिकनांनी बाजू बदलली म्हणूनच. खालच्या सभागृहानं ते मतदानाला येऊच नयेत अशी तजवीज तेव्हा आधीच करून ठेवली होती, ही गोष्ट वेगळी. उलट दिशेनंही तेच झालं. १ ऑक्टोबरपासून पैसे मंजूर न झाल्यानं त्यांचं सरकार ४३ दिवस बंद पडलं, लाखो कर्मचारी बिनपगारी. ते १२ नोव्हेंबरला सुरू झालं, कारण डेमोक्रॅटांच्या गटातले आठ सिनेटर पलीकडे गेले. पक्षातल्या लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. खुर्ची कुणाची गेली नाही.

मला स्वतःला त्यांची पद्धत या एका बाबतीत बरी वाटते. आपल्या सदस्याचं मत व्हिपनं आधीच ठरलेलं असेल, तर त्याच्याकडे आपलं गाऱ्हाणं घेऊन जायचं कशाला?

आणि आता नळाच्या पाण्याकडे, कारण टोमणा तिथूनच सुरू झाला होता. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या, ६ एप्रिल १९३० ला पालिकेवर तिरंगा फडकवणाऱ्या या शहरात मार्च २०२२ पासून २०२५ संपेपर्यंत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. त्याआधीची निवडणूक २०१७ ची, १०२ जागांची. मार्च २०२२ पासून प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टाच्या तारखा असं करत महापालिका प्रशासक चालवत होता, आणि प्रशासक म्हणजे राज्य सरकारनं नेमलेला आयुक्त. अंदाजपत्रकावर सही त्याची, ते मंजूर करणारी महासभाही कागदावर तोच. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ ला सांगितलं चार महिन्यांत निवडणुका घ्या; सप्टेंबरात मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. अमेरिकेच्या अध्यक्षानं काँग्रेसला डावलून कर लावला म्हणून तिथं डझनभर राज्यं कोर्टात गेली. आपल्याकडे साडेतीन वर्षं पूर्ण सभागृहच नव्हतं, आणि आमच्या गल्लीत कुणाला ते विशेष जाणवलंही नाही. गटात मी विचारलं, आपला नगरसेवक कोण? सगळ्यांनी नाव सांगितलं. ते गृहस्थ मार्च २०२२ मध्येच माजी झाले आहेत. लोक अजून त्यांच्याकडेच दाखला मागायला जातात, आणि तेही बिचारे लेटरहेडवर सही करून देतात.

त्या दिवसापासून आम्ही दर रविवारी दोन्हीकडचं एकेक घेतो. तिकडच्या सिनेटबरोबर इकडची स्थायी समिती, तिकडच्या प्रायमरीबरोबर इकडचं तिकीटवाटप. फळ्यावर तीनच रकाने असतात: सही कुणाची, अडवणार कोण, पैसे कुणाचे. कार्यकारी मंडळ, विधिमंडळ, न्यायमंडळ हे शब्द मी मुद्दाम टाळतो. शाळेत याच शब्दांनी या लोकांना नागरिकशास्त्राचा कंटाळा आणला होता.

बारा मागांच्या त्या मुलाला काय सांगितलं, तेही लिहितो. कायद्यानं लावलेला कर काढायला कायदाच लागतो, त्यात वर्षं जातात. हा आदेशानं लागला होता. तो एका आदेशानं, एका निकालानं किंवा दिल्ली-वॉशिंग्टनच्या एका करारानं उतरू शकत होता. म्हणून भंगाराच्या भावात माग काढायची घाई करू नये. पण निकाल आपल्या बाजूनं लागला तरी लगेच सूत भरून ठेवू नये, कारण अध्यक्षाकडे बाकीच्या किल्ल्या शिल्लक आहेत. १९७४ च्या व्यापार कायद्यातलं एक कलम त्याला १५ टक्क्यांपर्यंत कर लावू देतं, पण फक्त १५० दिवस. त्यापुढे चालवायचा तर काँग्रेसकडे यावं लागतं. आणि त्या काँग्रेसचं खालचं सभागृह पूर्ण, सिनेटचं एक तृतीयांश, ३ नोव्हेंबर २०२६ ला मतदारांपुढे जाणार आहे. त्यानं ती तारीख सूताच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली. तूर्त चार माग टॉवेलावर आहेत, आठ झाकून ठेवले आहेत.